‘शेप’मधला पहिला ‘एस’ : सैनिकाच्या मनाच्या जखमेचा इतिहास



मागचे काही भाग आपण लढायांबद्दल बोललो. कोणती पलटण कुठे चढली, कोणी कोणता पूल धरला, कोणाला कोणतं पदक मिळालं. आज लढाई संपल्यानंतर काय होतं, ते बोलायचं आहे. हा विषय मी दोन वर्षं टाळत होतो. का टाळत होतो, तेही शेवटाकडे सांगेन.

सुरुवात एका शब्दापासून करू. फौजेत प्रत्येक माणसाची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते आणि त्याच्या कागदावर एक शेरा येतो : ‘शेप वन’. म्हणजे गडी ठणठणीत. हा ‘शेप’ इंग्रजीतल्या पाच अक्षरांचा बनला आहे. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता आणि ई म्हणजे डोळे. क्रम लक्षात घ्या. मनाचं अक्षर सगळ्यांत पहिलं आहे.

तीसेक वर्षांच्या नोकरीत मी शेकडो तपासण्या पाहिल्या. डोळ्यांसाठी तक्ता होता, कानांसाठी चाचणी होती, पाय दुखतो म्हटलं तर एक्स-रे होता. पहिल्या अक्षरासाठी बहुतेक वेळा एकच प्रश्न असायचा : “सब ठीक?” आणि त्याचं एकच उत्तर : “ठीक, साहब.”

सैनिकाच्या मनाच्या जखमेचा इतिहास हा त्या जखमेला दिलेल्या नावांचा इतिहास आहे. कधी तिला भित्रेपणा म्हटलं, कधी ढोंग, कधी बेशिस्त, कधी दारू आणि गावाकडे ‘बाहेरचं’. ज्या नावाची नोंद झाली, तसाच इलाज झाला. भित्रेपणाला गोळी, बेशिस्तीला शिक्षा, ‘बाहेरच्या’ला अंगारा. आणि ज्याची नोंदच झाली नाही, ते घरच्यांनी निस्तरलं.

घरच्यांपासूनच सुरू करू. आपल्या इतिहासात हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे, पण आपण त्याच्याकडे या नजरेने पाहत नाही.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई फौजेबरोबर होत्या. पराभवाच्या गर्दीतून त्या कशाबशा निसटल्या आणि पुण्याला परतल्या. भाऊंचं काय झालं, याची त्यांना स्वतःला पटेल अशी खात्री कधीच मिळाली नाही. पती गेला हे त्यांनी मान्य केलं नाही. त्या सवाष्णीसारख्याच राहिल्या. पुढे भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसंही जमली. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई वारल्या १७८३ मध्ये. म्हणजे बावीस वर्षं त्या बाईंनी वाट पाहिली.

शाळेत आपण तोतयाच्या बंडाकडे राजकारण म्हणून पाहिलं. पण तोतया उभा राहू शकला, कारण हजारो घरांना आपला माणूस गेला की आहे हे ठाऊक नव्हतं. एक आला, तर आपलाही येईल, ही आशा त्या गर्दीत होतीच. शोक करायला मृत्यूची खात्री लागते. ती नसेल तर दु:ख संपत नाही, ते तसंच उभं राहतं.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या ५४ जणांची यादी आहे. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काहींचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन शोध घेऊन आले. युद्धाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. त्या घरांतल्या बायका सवाष्ण की विधवा, हा प्रश्न त्यांना सणासुदीला लोक विचारत असतील. पार्वतीबाईंना पेशव्यांचा वाडा होता. या बायकांना कोण होतं?

आता पहिल्या महायुद्धाकडे येऊ. मनाच्या जखमेला वैद्यकीय नाव मिळालं ते इथे. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला आणि ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आला. सैनिकाच्या अंगावर ओरखडा नाही, पण दिसत नाही, आठवत नाही, झोप नाही. आधी वाटलं, तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होत असावी. मग लक्षात आलं की जवळपास गोळा न फुटलेल्यांनाही हे होतंय.

यात आणखी एक भेद होता. अधिकाऱ्याला झालं तर ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे नसा थकल्या. शिपायाला झालं तर ‘हिस्टेरिया’. अधिकाऱ्यांसाठी एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्टसारखं रुग्णालय होतं. तिथे डॉ. रिव्हर्स रुग्णांना बोलतं करत. आणि जून १९१७ मध्ये ब्रिटिश फौजेने ‘शेल शॉक’ हा शब्दच वापरायला बंदी केली. त्याऐवजी लिहायचं, ‘अद्याप निदान नाही, मज्जाविकार’. शब्द काढला की आजार कमी होईल, असा हिशेब. भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये. त्यातले किती जण आजारी होते, हे आता कोण सांगणार?

आणि आपला हिंदी शिपाई? तो १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात उतरला. सुरुवातीच्या लढायांनंतर बऱ्याच हिंदी जखमींच्या हाताला गोळ्या लागलेल्या दिसल्या आणि वरिष्ठांना संशय आला की हे स्वतःच गोळी मारून घेत आहेत. ब्रायटनच्या किचनर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १००० जखमांची छाननी केली. संशयाला आधार सापडला नाही. खंदकात बंदूक चालवताना हातच बाहेर राहतो, तर गोळी हातालाच लागणार. पण छाननीचा विषय काय होता ते पाहा. हा माणूस ढोंग करतोय का? त्याच्या मनात काय चाललंय, हे विचारणारा कागद तेव्हा निघाला नव्हता.

मन मोकळं करायला पत्र होतं. पण ते बहुधा लेखनिकाने लिहिलेलं असे, वाटेत सेन्सॉर वाचत असे आणि गावात पोचल्यावर पोस्टमन किंवा मास्तर चारचौघांत मोठ्याने वाचत असे. तीन परक्या माणसांसमोर कोण रडणार? म्हणून शिपायांनी सांकेतिक भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी किती संपली, हे लिहिलं की गावाने समजून घ्यायचं. ही पत्रं आज आपल्याला माहीत आहेत ती सेन्सॉरने उतारे काढून ठेवले म्हणून. आपल्या आजोबा-पणजोबांचं मन जपलं गेलं ते त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरात.

मेसोपोटेमियात तर आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. कूटचा वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं, घोडे कापले गेले. हिंदी शिपाई कितीतरी दिवस ते मांस खाईनात. धर्मगुरूंची परवानगी मागवून आणली, तरी मन होईना. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. पुढची वाळवंटातली पायपीट आणि रास अल-ऐनच्या रेल्वेवरचं काम यांत असंख्य मेली. जी उरली ती सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगावच्या गावांत परतली. त्यांच्यासाठी स्मारकशिळा बसल्या, काहींना जमिनी मिळाल्या. ते रात्री झोपत होते का, हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असंही नाही. १९१७ मध्ये जखमी सैनिकांना धंदा शिकवण्यासाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झालं. आज ते खडकीला आहे. तिथेच १९७४ पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणारे जवान तुम्ही पाहिले नसतील तर एकदा जाऊन या, मान ताठ होईल. पण फरक लक्षात घ्या. हात तुटला, पाय गेला, कणा मोडला, तर सांभाळायची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. मनासाठी तशी परंपरा उभी राहिली नाही. पाय गेलेला डोळ्यांना दिसतो.

१९६२ नंतर तर उलटंच झालं. चीनच्या कैदेतून आपली जवळपास ३९०० माणसं १९६३ मध्ये परतली. कित्येकांना घरी जाण्याआधी रांचीच्या बाजूला नेऊन विचारपूस झाली. शत्रूने यांची मनं फिरवली तर नाहीत ना, ही शंका होती. सुरक्षेच्या दृष्टीने अशी चौकशी करावी लागते, हे मी फौजी म्हणून मान्य करतो. पण पुन्हा तेच. मनाबद्दल प्रश्न विचारला, तो संशयाने.

आता माझ्या काळात येतो.

जुलै १९८७ ते मार्च १९९० भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. सुमारे बाराशे जवान तिथे पडले. शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरावर उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. कोलंबोला आपल्या जवानांचं स्मारक झालं, आपल्याकडे मात्र त्या मोहिमेचं नाव घ्यायला बराच काळ कोणी तयार नव्हतं. जिंकलो म्हणावं तर जिंकलो नाही, हरलो म्हणावं तर हरलो नाही. ज्या युद्धाबद्दल देश बोलत नाही, त्याबद्दल जवान घरी काय सांगणार?

मी तेव्हा तरुण कॅप्टन होतो. आमच्या कंपनीत सातारा जिल्ह्यातला एक शिपाई होता. नाव सांगणार नाही. हसरा, कबड्डीत पकडीला वस्ताद. एका सकाळी जाफनाच्या बाहेर रस्ता मोकळा करताना त्याच्यापुढे पाच पावलांवर चालणारा त्याचा बडी सुरुंगावर गेला. ‘बडी’ म्हणजे फौजेत काय, ते ठाऊक असेल तुम्हाला. दोघांचा एक खंदक, एक पाण्याची बाटली, एकमेकांच्या घरचे पत्ते एकमेकांच्या खिशात. याने त्याला उचलून आणलं. जेवढा मिळाला तेवढा.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला चहा दिला, पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या दिवशी गस्तीला पाठवलं. तेव्हा तसंच करत.

पलटण परत आली, शांत ठिकाणी गेली. मग याचं सुरू झालं. रजेवरून उशिरा येणं, रात्री दारू पिऊन बराकीबाहेर बसणं, एकदा पहाऱ्यावरून निघून जाणं. प्रत्येक वेळी ऑर्डरली रूम, प्रत्येक वेळी शिक्षा आणि कागदावर लाल शाईची नोंद. फौजेत तेव्हा चार लाल नोंदी म्हणजे नोकरीतून काढण्यापर्यंतची वाट. त्यांतल्या दोन आरोपपत्रांवर सही माझी आहे. चौथ्या नोंदीनंतर तो घरी गेला. नोकरी अकरा वर्षं. पेन्शनला पंधरा लागतात.

मी त्याला वैद्यकीय तपासणीला पाठवलं नाही. कंपनीत कोणाला ताप आला तर मी स्वतः एमआय रूममध्ये घेऊन जायचो. याला नेलं नाही. कारण मला त्यात आजार दिसलाच नाही, बेशिस्त दिसली. ‘शेप’चं पहिलं अक्षर माझ्यासमोर उभं होतं आणि मी त्याला लाल शाईने खोडलं.

पुढची गोष्ट मला कळली ती मी निवृत्त झाल्यावर, पलटणीच्या जुन्या माणसांच्या मेळाव्यासाठी त्या भागात गेलो तेव्हा. तो वारला होता. त्याची बायको भेटायला आली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. मला म्हणाली, “सायेब, आमचं मालक गावात रस्त्यानं चालायचं न्हाईत. बैलगाडीच्या चाकोरीतनंच चालायचं. पोरं हसायची. म्या म्हनायची, रस्ता सोडून असं का ओ? तर म्हनायचं, हितनं गाडी गेलीया, हितं कायबी नसतंय.”

मी गप्प झालो. सुरुंगाच्या प्रदेशात आम्हीच तो नियम शिकवला होता. जिथून चाक गेलंय तिथेच पाय टाका. शिकवलं आम्ही, आणि परत आल्यावर ‘आता सोडून दे’ हे सांगायला कोणी गेलं नाही.

देवऋषी झाला, अंगारा झाला, गाणगापूर झालं. तो साखर कारखान्यावर रात्रीचा पहारेकरी होता, कारण रात्री तसाही जागाच असायचा. घर बाईंनी चालवलं, दुसऱ्यांच्या रानात भांगलण करून. त्याचे वार झेलले, त्याला सावरलं, पोरांपासून लपवलं. ज्याला आज समुपदेशन म्हणतात, ते काम ही बाई वीस वर्षं एकटीने करत होती.

मग तिने पिशवी पुढे केली. “ह्यात काय लिव्हलंय, एकदा वाचून दावा. गावात कोन म्हनतंय पळून आला, कोन म्हनतंय काढून टाकला. पोरीला सांगाया पायजे.”

मी वाचलं. रजेवर उशीर. दारू. दारू. पहारा सोडला. खाली माझी सही ओळखता येत होती. जाफनाबद्दल त्या पानावर एक शब्द नव्हता.

ही माझ्या टाळाटाळीची कथा. आता इतिहासाकडे परत जाऊ, कारण त्यात थोडी आशाही आहे.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ‘पीटीएसडी’ हे निदान आलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. म्हणजे आमच्या जवानाचं निदान तो सुरुंग फुटण्याच्या सात वर्षं आधी पुस्तकात होतं. माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आपल्याकडे कायदा हळूहळू हलला. २०१३ मध्ये धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक साधी गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला असं धरायचं. पुढे आजार झाला तर तो नोकरीमुळे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. मानसिक आजाराबाबत ‘हे याच्या रक्तातच होतं’ असं म्हणण्याची जुनी सवय होती. तिला या निकालाने आळा बसायला मदत झाली. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की चार लाल नोंदी झाल्या म्हणून माणूस आपोआप काढता येत नाही. त्याची सेवा कुठे आणि किती खडतर झाली, हे पाहावं लागेल. तो निकाल वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. न्यायालय जे विचारायला सांगत होतं, ते मीच विचारायला हवं होतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आजाराला विम्यामध्ये शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘टेली मानस’चा खास सैनिकी कक्ष सुरू झाला. देशभरासाठी ‘टेली मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. लिहून ठेवा. तुमच्यासाठी नसेल, तर शेजारच्या घरासाठी.

ही मालिका इंदूरपासून बेळगावपर्यंत, बडोद्यापासून हैदराबादपर्यंत मराठी घरांत पाहिली जाते. त्यांतल्या कितीतरी घरांत फौजी आहे. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, नोकरीत असलेल्यांना. सुटण्याआधी जी शेवटची वैद्यकीय तपासणी होते, तिथे ‘सब ठीक’ म्हणू नका. झोप येत नसेल तर झोप येत नाही असं सांगा आणि ते लिहिलं गेलं का, ते पाहा. आजारामुळे फौजेतून बाहेर पडलेल्याला आणि तो आजार नोकरीमुळे झाला असं ठरल्यास, अपंगत्व पेन्शनसाठी पंधरा वर्षांची अट नसते. आमच्या जवानाला ही वाट खुली होती. मी ती दाखवली नाही.

दुसरी गोष्ट, घरच्यांना. माणूस पस्तिशी-चाळिशीत पलटण सोडून घरी येतो तेव्हा त्याचा लंगर जातो, त्याचं मंदिर जातं, सुभेदार साहेबांचा दरारा जातो आणि बडी जातो. एवढं सगळं एका दिवसात. त्याचं बिनसलं तर त्याला ‘बाहेरचं’ नाव देऊ नका. देवाला जायचं तर जरूर जा, पण पेन्शनर असाल तर ईसीएचएसच्या दवाखान्यातही जा. आणि वहिनी, आई, तुम्ही स्वतःसाठीही जा. सांभाळणाऱ्यालाही दमायला होतं.

तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांना, निवृत्त अधिकाऱ्यांना. आपल्या सह्या अजून कागदांवर आहेत. आठवून पाहा. कोणाच्या चार नोंदींमागे कुठला रस्ता, कुठली टेकडी, कुठला बडी होता, हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. तो पुरावा आपल्याबरोबर जाईल.

मी त्या बाईंसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणात द्यायला प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. त्या सकाळी काय घडलं, तो किती वर्षं चांगला शिपाई होता आणि मी काय केलं नाही, ते सगळं. निवृत्त अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीविरुद्ध लिहिणं वकिलाला जरा विचित्र वाटलं. प्रकरण चालू आहे. पैसे मिळतील न मिळतील. पण प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी त्यांना दिली आणि त्यांच्या मुलीने ती घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

त्या घराच्या कागदांत आता जाफनाचं नाव आहे.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे जाऊ. जय हिंद.